स्वातंत्र्य आले तेव्हा खानखोजे मेक्सिकोत होते

१४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र. दिल्लीत बाराचे ठोके पडले आणि आपला देश स्वतंत्र झाला. त्याच घटकेला मेक्सिको शहरात दुपारचे साडेबारा वाजत होते. तारीखही अजून चौदाच होती. ऑगस्ट म्हणजे तिकडे पावसाचे दिवस. मका डोक्याच्या वर गेलेला आणि ताटांवर शेंगांचे वेल चढलेले. त्या मुलखात आपल्या वर्ध्याचा एक माणूस राहत होता. वय साठीच्या पुढे. ज्या एका दिवसासाठी त्याने चाळीस वर्षांपूर्वी घरदार सोडले, तो दिवस उजाडला तेव्हा तो गावी नव्हता. येण्याची सोयही नव्हती.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. नागपूर-वर्ध्याकडच्या जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे. बाकी जिल्ह्यांत विचाराल तर लोक डोके खाजवतात. क्रांतिकारकांच्या यादीत हे नाव खाली कुठेतरी येते आणि शेतीशास्त्रज्ञांच्या यादीत तर बहुतेक येतच नाही. म्हणून आज या पानावर त्यांची हकिगत सांगायची आहे. बी-बियाण्याचे, मक्याचे आणि गावातल्या शेतीशाळेचे काम त्यांनी इतके केले की, शेतकऱ्याला त्यांची ओळख असायलाच हवी.

त्यांचा जन्म १८८० च्या दशकातला. शाळा वर्ध्याला आणि पुढचे शिक्षण नागपूरला. त्यांच्या लहानपणी मध्य प्रांतात पाठोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा, ज्याला जुने लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. पोराचे डोके मात्र राजकारणाकडे. लोकमान्य टिळकांचा प्रभाव, आणि इंग्रजाला घालवायचे तर आधी लष्करी शिक्षण घेतले पाहिजे ही पक्की समजूत. टिळकांच्याच सल्ल्याने त्यांनी परदेशची वाट धरली. आधी जपान, मग अमेरिका. १९०६ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला, त्यानंतर काही महिन्यांतच हे तिकडे उतरले.

तिथे त्यांनी दोन विद्या घेतल्या. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या लष्करी शाळेत कवायत आणि बंदूक शिकले. नंतर ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले. आता बोला, बंदूक कुठे आणि वखर कुठे! पण पुढे या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या आयुष्यात कामी आल्या. आधी पहिली आणि मग दुसरी.

त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी शेतकऱ्यांची बरीच पोरे मजुरीला गेली होती. कोणी लाकडाच्या गिरणीत, कोणी रेल्वेच्या रुळावर, कोणी कॅलिफोर्नियातल्या वावरात. त्यात इंग्रजी फौजेतून निवृत्त झालेले शिपाईही होते. अमृतसरजवळच्या भकना गावचे सोहनसिंग, दिल्लीचे लाला हरदयाळ आणि आपले खानखोजे अशा मंडळींनी या मजुरांना एकत्र केले. १९१३ साली त्यातून गदर पार्टी उभी राहिली. गदर म्हणजे बंड. त्याच साली १ नोव्हेंबरला त्यांचे 'गदर' नावाचे पत्र निघाले. वर्गणी मजुरांच्या घामाच्या पैशातून. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे हेही अमेरिकेत शिकायला आले आणि याच संघटनेत सामील झाले. लढाईच्या तयारीची गुप्त बाजू खानखोजे यांच्याकडे होती.

१९१४ ला पहिले महायुद्ध पेटले. इंग्रज युरोपात गुंतला, हीच वेळ, असे गदरवाल्यांनी ठरवले. शेकडो माणसे मिळेल त्या बोटीने हिंदुस्थानकडे निघाली. खानखोजे यांना मात्र दुसऱ्या बाजूने धाडले गेले. तुर्कस्तानातून इराणात जायचे, इंग्रजी फौजेतल्या आपल्या शिपायांना फितवायचे आणि बलुचिस्तानच्या अंगाने देशात शिरण्याची वाट काढायची, असा तो बेत होता.

१९१५ च्या फेब्रुवारीत पंजाबात उठाव व्हायचा होता. बातमी फुटली. पिंगळे मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली, त्यांच्याबरोबर कर्तारसिंग सराभा नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही. सोहनसिंग भकना तर त्याआधीच, १९१४ च्या ऑक्टोबरात, बोटीवरून उतरताना धरले गेले होते. त्यांनी पुढची सोळा वर्षे तुरुंगात काढली, त्यातली बरीच अंदमानात. हे सगळे घडत असताना खानखोजे हजारो कोस दूर होते. दक्षिण इराणच्या उजाड डोंगरांत तिथल्या टोळ्यांना बरोबर घेऊन ते इंग्रजांशी लढत होते. एकदा जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. वेश बदलून टोळीवाल्यांत राहिले. देशातला मोठा प्रसंग हुकण्याची ही पहिली खेप.

युद्ध संपले, बेत बुडाला. १९२० च्या १ ऑगस्टला टिळक गेले. परतीचे दार बंद होते, कारण इंग्रज सरकारच्या लेखी हा माणूस राजद्रोही होता आणि त्याला हिंदुस्थानात पाय ठेवायला मनाई होती. खानखोजे बर्लिनला राहिले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त या मंडळींबरोबर मॉस्कोला जाऊन आले. त्यातून हाती फारसे काही लागले नाही. १९२४ साली ते मेक्सिकोला पोचले. बंदुकीचा अध्याय इथे संपला.

मेक्सिकोच का? तर मेक्सिकोतली क्रांती जमिनीची होती. १९१० साली ती सुरू झाली तेव्हा तिथली बहुतेक चांगली जमीन मोठमोठ्या वाड्यांच्या मालकीची होती आणि गावेच्या गावे कर्जात बांधलेल्या मजुरांची. एमिलियानो झापाता नावाचा शेतकरी पुढारी गावाची जमीन गावाला परत द्या म्हणून लढला आणि १९१९ साली दगा करून त्याला मारले. खानखोजे अमेरिकेत होते तेव्हापासून या लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. सरकारातले रामोन दे नेग्री यांच्याशी ओळख होती, ती उपयोगी पडली. चापिंगो इथल्या राष्ट्रीय शेती शाळेत त्यांना शिकवण्याची नोकरी मिळाली. ही शाळा म्हणजे आधी एका बड्या जमीनदाराचा वाडा आणि त्याची शेती. क्रांतीनंतर सरकारने तिथे शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायला घेतले. वाड्यातल्या जुन्या देवघराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या प्रसिद्ध चित्रकाराने जमिनीचीच चित्रे काढली आहेत.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन, रात्री गारठा, आणि पाऊस संपला की दव गोठून पाने काळी पडतात. आपल्याकडे एखाद्या सालीच तूर दवाने मारली जाते, तिकडे ही भीती दरसालची. त्यातून बहुतेक शेती कोरडवाहू. पेरणीला उशीर झाला तर दाणा भरायच्या आत गारठा गाठतो आणि लवकर पेरावे तर पाऊस दगा देतो. अशा रानात गरिबाचे पोट मक्यावर. आपल्याला ज्वारीची भाकर तशी त्यांना मक्याची. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, थापून पोळी करतात. आणि आपण ज्वारीत तुरीचे तास धरतो तसे ते मक्यात शेंगावेल आणि भोपळा धरतात. वर्ध्याच्या माणसाला हे समजून घ्यायला वेळ लागला नसणार.

मका हे मूळचे मेक्सिकोचेच पीक. तिथे टेओसिंटे नावाचे एक रानगवत उगवते, तेच मक्याचे पूर्वज. खानखोजे यांनी मका आणि हे गवत यांच्या संकरावर काम केले. गारठा सोसणारा मका, कमी पाण्यात तग धरणारा मका आणि ताटाला जास्त कणसे धरणारा मका हे त्यांचे विषय. गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी संशोधन केले. बियाण्याच्या कामाला किती चिकाटी लागते हे ज्यांनी घरचे बी राखले आहे त्यांना सांगायला नको. एक हंगाम म्हणजे एक प्रयोग. चुकला तर पुढचे वर्ष. दहा हंगाम म्हणजे आयुष्याची दहा वर्षे. देशाला स्वातंत्र्य उद्याच मिळेल म्हणून वीस वर्षे धावलेला माणूस आता पेरणी ते कापणीच्या चालीने चालू लागला.

कॉलेजात बसून हे होणार नाही हे त्यांनी लवकर ओळखले. १९२८ साली टेस्कोको भागातल्या गावांत त्यांनी मुक्त शेतीशाळा काढायला सुरुवात केली. एका शाळेला झापाताचे नाव दिले. शेतकऱ्याने कॉलेजाची पायरी चढायची नाही, कॉलेजाने गावात यायचे, असा तो हिशेब. आपल्या कृषी खात्याची शेतीशाळा आता बांधावर भरते. त्या कृषी सहायकांनी हे साल जरा लक्षात ठेवावे. या कामात रिवेरा त्यांच्या बाजूने उभा राहिला. मक्याच्या वाणांचे आणि गावच्या शाळेचे फोटो टीना मोदोत्ती या इटालियन बाईने काढले, तीही जगप्रसिद्ध. आणि मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने एक भित्तिचित्र काढले आहे. मोठ्या मेजाभोवती गरीब माणसे बसली आहेत आणि मधोमध बसलेला एक सावळा माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा आहे. तिकडच्या सरकारी कचेरीच्या भिंतीवर वर्ध्याचा माणूस आहे आणि आपल्या किती कचेऱ्यांत त्यांचा साधा फोटो असेल, हे ज्याचे त्याने बघावे.

१९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जान सिंडिक यांच्याशी मेक्सिकोतच लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

आता योगायोग बघा. त्याच १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. ज्या गावातून हा पोरगा इंग्रजाविरुद्ध लढायला म्हणून बाहेर पडला, ते गाव तीस वर्षांनी सगळ्या देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद वर्धा स्टेशनवर उतरत होते. आणि वर्ध्याचा खानखोजे मेक्सिकोत मक्याच्या तुऱ्याला पिशव्या बांधत होता. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी चालते व्हावे असा ठराव केला, तो वर्ध्यातच. महिन्याभरात, नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आणि शेजारच्या चिमूरला रक्त सांडले. शेतकऱ्यांची पोरे गोळीला सामोरी गेली. खानखोजे यांचा स्वतःचा जिल्हा पेटला होता. आणि ते ज्या देशात राहत होते तो मेक्सिको त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रज-अमेरिकेच्या बाजूने महायुद्धात उतरला होता. इंग्रजाचा जुना वैरी इंग्रजाच्या दोस्ताच्या घरी, अशी ती अवघड जागा. हुकण्याची ही दुसरी खेप.

तिसरी खेप १९४७ ची, जिथून आपण सुरुवात केली.

त्या दिवशी मेक्सिकोत भारताची वकिलात नव्हती. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले ते १९५० साली. म्हणजे जिथे जाऊन आपल्या झेंड्याला नमस्कार करावा असे सरकारी अंगणही तिथे नव्हते. बरोबरीची माणसेही उरली नव्हती. लाला हरदयाळ १९३९ साली अमेरिकेत वारले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना १९३७ साली रशियात गोळी घातली गेली. रासबिहारी बोस १९४५ च्या जानेवारीत जपानात गेले. भगतसिंगांचे काका सरदार अजितसिंग १९०९ पासून देशाबाहेर होते. इराण, युरोप, ब्राझील असे फिरत फिरत १९४७ च्या मार्चमध्ये ते कसेबसे परत आले, आणि १५ ऑगस्टला पहाटे स्वातंत्र्याचा क्षण पाहून त्याच सकाळी डलहौसीला त्यांनी प्राण सोडला. देशाबाहेर आयुष्य घालवलेल्या या पिढीतले जे थोडे त्या तारखेपर्यंत पोचले त्यात खानखोजे होते.

आणि स्वातंत्र्य आले ते कसे? गदर पार्टीचा जीव पंजाबी शेतकऱ्यांत होता. १७ ऑगस्टला सीमारेषा जाहीर झाली आणि तो पंजाबच चिरला गेला. ज्या लाहोरात पिंगळे आणि कर्तारसिंग फासावर चढले ते लाहोर परदेश झाले. ओरेगॉनच्या गिरणीत एका ताटात जेवलेल्या शीख, मुसलमान, हिंदू मजुरांच्या गावांतून बैलगाड्यांचे तांडे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे निघाले. मेक्सिकोत बसून वर्तमानपत्रात हे वाचायचे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा. शेजारच्या गावात आग लागली तर माणूस बादली घेऊन धावतो. पंधरा हजार किलोमीटरवरून कुठे धावणार?

मग खानखोजे यांनी भारतात यायचा परवाना मागितला. आता कसली अडचण? राज्य आपले, झेंडा आपला, मंत्री आपले. पण परवाना नाकारला गेला. कारण काय, तर बंदी घातलेल्यांच्या यादीत यांचे नाव होते. यादी कोणाची? इंग्रजाची. बंदी कशासाठी? इंग्रजाशी लढले म्हणून. इंग्रज बोटीत बसून निघून गेला, त्याची यादी मात्र कपाटात तशीच राहिली.

ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात बसणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. खरेदीखत होते, ताबा मिळतो, नवा मालक वावर वाहू लागतो, पण फेरफार झालेला नसतो. सातबाऱ्यावर जुनेच नाव. मग कर्जाला गेला की कळते. १९४७ साली देशाचा ताबा मिळाला आणि असे कितीतरी फेरफार राहून गेले. ज्या कारकुनाने तो परवाना नाकारला त्याच्या मनात वाईट नसावे. त्याने यादी पाहिली, नाव दिसले, शेरा मारला. नाव खोडण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत कोणी पोचवला नव्हता. आमचे मत विचाराल तर कारकुनापेक्षा जास्त दोष वर बसलेल्यांचा. ज्यांना हे नाव माहीत असायला हवे होते त्यांनाच ते माहीत नव्हते, किंवा आठवले नाही.

शेवटी ती बंदी उठली. १९४९ साली खानखोजे मायदेशी आले. मध्य प्रांताच्या सरकारला त्यांच्याकडून शेतीविषयक सल्ला हवा होता. विशीत गेलेला माणूस पांढऱ्या केसांनी परतला. बायको बेल्जियमची, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. चार दशके इंग्रजी, जर्मन, फारसी, स्पॅनिश असे करत करत मराठी मुलखात उतरायचे हे सोपे नाही. मुंबईला किंवा पुण्याला वर्षभर राहून आलेल्या पोरालाही गाव परके वाटते, इथे तर सगळा काळच उलटला होता. टिळकांना मानणारे नागपूर त्यांनी सोडले होते, परत आले तेव्हा गांधीजींचाही खून होऊन गेला होता.

मधल्या काळात मेक्सिकोला पुन्हा येणेजाणे झाले आणि नंतर ते नागपूरला कायमचे स्थायिक झाले. ते गेले तेव्हा नागपूर इंग्रजांच्या मध्य प्रांतात होते. आल्यावर ते मध्य प्रदेशात गेले, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. एकाच घरात बसून त्यांनी तीन राज्ये पाहिली. मेक्सिकोत दोन तपांहून जास्त काळ कोरडवाहू मक्यावर काम केलेला माणूस कोरडवाहू विदर्भात येऊन राहतो, ही आपल्या शेतीखात्यासाठी केवढी संधी होती! तिचा जेवढा उपयोग व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असे आम्हाला वाटते. मक्याचा माणूस ज्वारी-कापसाच्या मुलखात, आणि वयही झालेले. सगळा दोष सरकारवर टाकूनही भागणार नाही. पण चापिंगोने त्यांना जसा वर्ग, जशी जमीन आणि जसे विद्यार्थी दिले तसे इकडे मिळाले नाही, हे तर दिसतेच. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला, तेव्हा अनावरणाला आपले लोकसभा अध्यक्ष गेले होते. तेव्हा कुठे इकडच्या पेपरांत नाव छापून आले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. काही लोक हरितक्रांतीचे सगळे श्रेय खानखोजे यांना देतात. तसे करू नये. मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाचे काम नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ साली, म्हणजे खानखोजे यांच्यानंतर वीस वर्षांनी. पण त्यांच्या गव्हाचे प्रयोग ज्या रानांत झाले त्यातले एक चापिंगोचे होते, आणि शेतकऱ्याच्या पोटासाठी वाण सुधारायचा ही वाट तिथे आधीच मळलेली होती.

१९६५ आणि १९६६ ही दोन्ही साले इकडे दुष्काळाची. अमेरिकेच्या मिलोवर आणि गव्हावर आपण दिवस काढत होतो. रेशनच्या दुकानापुढच्या त्या रांगा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे मागवले. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही त्या वाणांची नावे. बोटी भरून बी आले आणि त्या रब्बीत उत्तरेत पेरले गेले. गहू शेतात उभा असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी, डॉ. खानखोजे नागपुरात वारले.